‘रिमेंबर’ आणि आपली जाण

इंग्रजीतील ‘रिमेंबर’ला मराठीत काय म्हणावे, असे विचारल्यास शाळकरी मूलही ‘आठवणे’ असे सांगेल. उत्तर चुकीचे नाही, अपुरे आहे. ‘रिकलेक्ट’, ‘रिमाइंड’, ‘कमेमोरेट’ हे त्या क्रियापदाचे सगेसोयरे. हरवलेले नाव आपण प्रयत्नाने आठवतो, विसरणाऱ्याला आठवण करून देतो, दिवंगतांचे पुण्यस्मरण करतो. मराठीत प्रत्येकाचे घर वेगळे आहे.

मराठीचे व्याकरणही नम्र आहे. इंग्रजीत माणूस स्वतः आठवण्याचा कर्ता होतो; आपण मात्र ‘मला आठवते’, ‘मला आठवण येते’ असे म्हणतो. आठवण पाहुणी होऊन दारी येते. परंतु या नम्रतेत एक पळवाट दडलेली आहे. पाहुणी आलीच नाही, तर दोष कोणाचा?

‘झाखार’ या हिब्रू क्रियापदाला ही पळवाट मान्य नाही. उत्पत्तीच्या आठव्या अध्यायात देव नोहाची आठवण करतो, आणि पाणी ओसरू लागते. अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात मिसरमधील दास्य आठवायचे ते शेतात विसरलेली पेंढी परका, पोरका व विधवा यांच्यासाठी सोडण्याकरिता. आठवले की हात हलला पाहिजे. अखेरच्या भोजनप्रसंगी प्रभूने सांगितलेले स्मरणही ‘करावयाचे’ आहे. आपण त्या शब्दाला श्राद्धाची कळा आणली, हा आमचा आक्षेप आहे.

जव्हार-मोखाड्याचा विचार करताना हा भेद आम्हांस बोचतो. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. तेव्हा हा मुलूख ठाणे जिल्ह्यात होता. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा निर्माण झाला. जिल्हा बदलला, परंतु कापणी आटोपताच वारली, कोकणा, कातकरी कुटुंबांनी चिल्यापिल्यांसह वीटभट्ट्यांची वाट धरणे थांबलेले नाही. आपल्या घरांच्या भिंतींत त्यांच्या हातच्या विटा असतील. कुपोषणाची बातमी छापून आली की आपल्याला त्यांची आठवण ‘येते’. पावसाबरोबर ती ओसरतेही.

मराठीत आणखी एक शब्दप्रयोग आहे : जाण ठेवणे. त्यात स्मृती आहे, कृतज्ञता आहे आणि ऋण फेडण्याची तयारीही आहे. कोशकार त्याला ‘रिमेंबर’च्या पंक्तीत बसवोत वा न बसवोत, वेदीपुढे गुडघे टेकताना आम्हांस तोच प्रतिशब्द खरा वाटतो.