न हललेली वर्तुळं

शोधनिबंध वाचताना आपण निष्कर्षाकडे धावतो. ग्रॅहम मिचेल आणि जाक मिलर यांच्या १९६८ सालच्या कामाची खरी गोडी मात्र मला उंदरांच्या निवडीत वाटते.

थायमस ही टाकाऊ ग्रंथी नव्हे, हे मिलर यांनी १९६१ मध्येच दाखवलं होतं. जन्मतःच ती काढलेल्या उंदरांची प्रतिकारशक्ती लुळी पडे. पुढे १९६६ मध्ये डेन्व्हरला हेन्री क्लेमन आणि सहकाऱ्यांनी किरणोत्सर्गाने उंदरांची प्रतिकारव्यवस्था मोडली, मेंढीच्या तांबड्या पेशी टोचल्या आणि कुणाला थायमसच्या पेशी दिल्या, कुणाला अस्थिमज्जेच्या, कुणाला दोन्ही. एकेकटीला फारसं जमलं नाही. दोन्ही एकत्र आल्या तेव्हा प्रतिपिंडं बेरजेच्या कितीतरी वर गेली. देखणा निकाल, पण अर्धा. प्रतिपिंडं नेमकी बनवली कुणी?

मेलबर्नच्या वॉल्टर अँड एलिझा हॉल इन्स्टिट्यूटमध्ये मिचेल-मिलर यांनी इथे हात घातला. थायमस काढलेल्या उंदरांना त्यांनी थायमसच्या किंवा लसिकावाहिनीच्या पेशी दिल्या, त्याही संकरित उंदरांच्या: एक पालक यजमानाच्याच वंशाचा, दुसरा परका. म्हणजे यजमानाच्या पेशीवर एकच वंशखूण, पाहुण्या पेशीवर दोन. मग मेंढीच्या तांबड्या पेशी टोचून उंदरांची प्लीहा तपासायची. प्लीहेतल्या पेशी मेंढीच्या तांबड्या पेशींबरोबर पातळ थरात ठेवल्या, की प्रतिपिंड सोडणाऱ्या प्रत्येक पेशीभोवती तांबड्या पेशी फुटून स्वच्छ वर्तुळ उमटतं. थर लावण्याआधी परकी खूण असलेल्या पेशींचा नाश करणारं सीरम वापरलं, तरी वर्तुळं जवळजवळ तेवढीच उमटली. यजमानाच्या खुणेवरचं सीरम वापरलं, आणि ती गेली. पाहुण्यांशिवाय वर्तुळं उमटत नाहीत, आणि पाहुणे स्वतः ती उमटवतही नाहीत! काहीच न बदलण्याने इतकं बोलावं, असे प्रयोग थोडे.

त्यामागची यंत्रणा पुढे उलगडत गेली. प्रतिपिंडं बनवणाऱ्या अस्थिमज्जेच्या पेशीला आज बी पेशी म्हणतात, तिला मदत करणाऱ्या थायमसच्या पेशीला टी पेशी. बी पेशी आपल्या ग्राहीने जंतूचा अंश पकडून गिळते आणि त्यातल्या प्रथिनाचे तुकडे पृष्ठभागावर मांडते. तो तुकडा टी पेशीने ओळखला, तरच बी पेशीला तिच्या पृष्ठभागावरच्या सीडी४० या रेणूच्या दुव्यातून होकार मिळतो. सोसायटीच्या चेकवर सेक्रेटरी आणि खजिनदार अशा दोन सह्या लागतात, तसंच हे. फक्त इथे दोघे कागदाची वेगवेगळी बाजू वाचतात. हा दुवा जन्मतः बिघडलेल्या मुलांची प्रतिपिंडं आयजीएम या सुरुवातीच्या प्रकारापाशी अडकतात, नंतरचा आयजीजी हा प्रकार जेमतेम बनतो, आणि संसर्ग पाठ सोडत नाहीत.

ही दुसरी सही मिळवण्याची सर्वांत चतुर युक्ती लसीत सापडते. काही जिवाणूंचं कवच नुसत्या शर्करेचं असतं. त्यात प्रथिन नाही, म्हणून टी पेशीला दाखवायलाही काही नाही. दोन वर्षांखालच्या बाळांत अशी नुसत्या शर्करेची लस नीट लागू पडत नाही. मग शर्करेला धनुर्वाताचं निर्विष केलेलं विष, म्हणजे एक प्रथिन, जोडतात. बी पेशी ही जोडी शर्करेसाठी पकडते, आणि टी पेशीपुढे मात्र प्रथिन ठेवते.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने याच तत्त्वावर मेनआफ्रिव्हॅक ही मेंदूज्वराची लस बनवली. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत १ ते २९ वर्षांच्या लोकांना ती देण्याची मोहीम सुरू झाली. एका डोसची किंमत अर्ध्या डॉलरहूनही कमी होती.