कौटुंबिक गेम मोठ्यांसाठी: रक्त की निर्णय?

कौटुंबिक गेम मोठ्यांना आवडावा म्हणून काय बदलावे, असे विचारले की दिल्ली परिसरातल्या आमच्या वर्गात पहिले उत्तर येते: बंदुका आणि रक्त. सेगाने २००५ मध्ये ‘शॅडो द हेजहॉग’मध्ये सॉनिक मालिकेतल्या पात्राच्या हाती बंदूक दिली होती. बाजू निवडत दहा वेगळ्या शेवटांपर्यंत जाण्याची रचनाही त्यात होती. लक्षात राहिली ती बंदूकच.

नवी मुंबईत तयार झालेला ‘लुडो किंग’ (२०१६) याच्या उलट. सोंगट्या, फासा, घर सगळे तेच. २०२० च्या टाळेबंदीत लांबचे नातेवाईक त्या पटाभोवती जमले आणि मोठी माणसेही खेळू लागली. पण सहा पडल्याशिवाय सोंगटी सुटत नाही. पुढेही फार तर चारांतून एक निवडायची. सोबत भरपूर, डोक्याला काम कमी.

निन्टेन्डोच्या ‘सुपर मारिओ ओडिसी’ने (२०१७) दोन्ही साधले. नवख्याला असिस्ट मोड बाण दाखवून वाट सांगतो. सरावलेल्यासाठी कथा संपल्यावरही अवघड चंद्र शोधायचे उरतात. खेळ एक, पायऱ्या अनेक.

म्हणून प्रकल्प करताना चित्रे काळवंडण्याआधी एक ओळ लिहा: या गेममध्ये मोठ्या खेळाडूला कोणता निर्णय घ्यावा लागतो? ती ओळ सुचली नाही, तर कितीही रक्त ओता, मुलासोबत खेळायला बसलेला बाप पाच मिनिटांत उठून जाईल.