श्रद्धेची वाट आणि तिचे लेखन

२०२५ हे ज्युबिली वर्ष ‘आशेचे यात्रेकरू’ या बोधवाक्यासह जगभरच्या कॅथलिक ख्रिस्तसभेने साजरे केले. रोमच्या पवित्र द्वारापर्यंत जाणे सर्वांनाच शक्य नव्हते. म्हणून ठिकठिकाणच्या धर्मप्रांतांतही यात्रास्थाने नेमण्यात आली. भाविक गेले, प्रार्थना करून परतले आणि त्यांतील काहींनी आपले अनुभव लिहून काढले. असे जे लेखन आमच्या हाती आले ते आम्ही आस्थेने वाचले. परंतु वाचता वाचता एक गोष्ट मनाला खटकू लागली. माणसे निराळी, गावे निराळी, दुःखे निराळी. लेखांची चाल मात्र एकच. आधी अंधार, मग एखादा प्रसंग, मग प्रकाश आणि शेवटी आभार. श्रद्धेचा प्रवास इतका सरळ नसतो, हे पापनिवेदन ऐकणाऱ्या कोणाही धर्मगुरूस ठाऊक आहे. मग आपली माणसे लिहू लागली की वाट एवढी सरळ का होते? मराठीत ही वाट आजवर कोणी कशी लिहिली आणि आमच्या तलासरी-डहाणूच्या पाड्यांची वाट त्या लेखनात कोठे आहे, याचा थोडा विचार या लेखात करावा असे आम्ही योजिले आहे.

श्रद्धेला प्रवासाचे रूप देण्याची कल्पना आपल्याकडे दोन बाजूंनी आली. वारीची परंपरा या मातीतलीच आहे. छापील पुस्तकाच्या रूपाने मात्र एक महत्त्वाचा नमुना बाहेरून आला. जॉन बन्यन यांच्या १६७८ सालच्या इंग्रजी रूपककथेचे हरि केशवजी यांनी केलेले भाषांतर ‘यात्रिकक्रमण’ या नावाने १८४१ साली मराठीत अवतरले. पाठीवर पापाचे ओझे घेतलेला एक यात्रिक, वाटेतील दलदल, डोंगर, मोहाची बाजारपेठ आणि शेवटी स्वर्गीय नगर, असा तो नकाशा आहे. तो फार प्रभावी ठरला, याचे कारण त्यातील प्रत्येक ठिकाणाला नाव आहे. वाचणाऱ्याला आपण कोठे आहोत हे लगेच कळते. पण त्याची उणीवही तीच. नकाशा आधी आखलेला असतो आणि माणसाने फक्त त्यावरून चालायचे असते.

बाबा पदमनजी यांचे ‘अरुणोदय’ हे आत्मवृत्त या परंपरेतील एक ठळक पुस्तक होय. १८३१ साली बेळगावात जन्मलेल्या या लेखकाने १८५४ साली बाप्तिस्मा घेतला. १८५७ सालची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरीही त्यांचीच, आणि तिच्याही नावात प्रवासच आहे. ‘अरुणोदय’ हे नावाप्रमाणे पहाटेचे पुस्तक आहे. बाप्तिस्म्यापर्यंतची वाट हा त्याचा मुख्य विषय. शंका, वाचन, वादविवाद, घरच्यांचा विरोध या साऱ्यांचा प्रामाणिक हिशेब लेखकाने दिला आहे, आणि त्या काळी तो देण्यास धैर्य लागत असे. परंतु पहाट झाली म्हणजे दिवस संपला असे नव्हे. उन्हाचा चटका, दुपारचा कंटाळा, संध्याकाळची उदासी हे श्रद्धेच्या दिवसाचे प्रहर पुढेच असतात, आणि सामान्य भाविक आपले बहुतेक आयुष्य त्याच प्रहरांत काढतो.

संत ऑगस्टीन यांनी ही चूक केली नाही. त्यांचा बाप्तिस्मा ३८७ साली झाला. त्यांचे ‘कन्फेशन्स’ चवथ्या शतकाच्या अखेरीस, ते स्वतः बिशप झाल्यानंतर, लिहिले गेले. नवव्या भागात बाप्तिस्मा आणि आई मोनिका यांचा मृत्यू येतो. येथे कथा संपवता आली असती. परंतु दहाव्या भागात ते आपले वर्तमान उघडे करतात: अजूनही मन कोठे घसरते, स्तुतीचा मोह कसा सुटत नाही, स्मरणशक्ती म्हणजे नेमके काय. बिशपपदावरील माणसाने असे लिहावे, हे आम्हां धर्मगुरूंना आजही अवघड वाटते.

मराठीत हे काम एका स्त्रीने केले. लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात भागाभागाने प्रसिद्ध झाले. टिळक दांपत्य आपल्या कॅथलिक परंपरेतले नव्हे. पण आपल्या घरांत हे पुस्तक असावे असे आम्हांस मनापासून वाटते. त्यामागील हकिकत बहुतेकांस ठाऊक असेल. १८९३ साली आगगाडीच्या डब्यात एका मिशनऱ्याची गाठ पडली, त्याने बायबल हाती दिले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. येथवरची कथा आगगाडीच्या वेगाने जाते. नेहमीचे साक्षलेखन या डब्यातच बसलेले असते.

लक्ष्मीबाईंचे पुस्तक मात्र फलाटावर मागे राहिलेल्या माणसाचे आहे. पतीने धर्म बदलला तेव्हा त्यांच्यावर आकाश कोसळले. काही वर्षे त्या दूर राहिल्या. पुढे पतीकडे राहावयास आल्या, त्या आपले सोवळे बरोबर घेऊन. ख्रिस्ती माणसाच्या घरात त्यांची चूल वेगळी होती. मग एकदा विचार करता करता त्यांच्या ध्यानात आले की जातिभेद हा माणसाने केला आहे, देवाने नव्हे. त्यांच्या मनातील भिंत आधी तेथे पडली. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. पतीच्या आणि पत्नीच्या बाप्तिस्म्यात पाच वर्षांचे अंतर आहे. आमच्या मते ‘स्मृतिचित्रे’चे सारे मोल या पाच वर्षांत आहे. एकाच घरातील दोन माणसे श्रद्धेच्या वाटेवर एकाच गतीने चालत नाहीत, आणि मागे असलेला माणूस वाट चुकलेला असतोच असे नाही, हे या पुस्तकाइतके स्पष्ट मराठीत क्वचितच कोठे सांगितले गेले असेल.

दुसरे असे की बाप्तिस्म्यापाशी ते पुस्तक थांबत नाही. प्लेगचे दिवस येतात, परक्या मुलांचे संगोपन येते, पैशांची ओढाताण येते, पतीचा संताप आणि त्यांचे औदार्य दोन्ही येतात. १९१७ साली टिळकांनी ‘देवाचा दरबार’ आरंभिला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्याही ख्रिस्तभक्तांना तेथे एकत्र यावयाचे होते. दोन वर्षांत, ९ मे १९१९ रोजी, त्यांचे निधन झाले. ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरे राहिले, ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. ज्या वाटेवर त्या अनिच्छेने आल्या होत्या त्या वाटेचा उरलेला भाग त्यांनीच चालून दाखविला. आणि हे सारे त्या हसत सांगतात. स्वतःवर हसता येणे ही श्रद्धा मुरल्याची खूण आहे. आमच्याकडे येणाऱ्या साक्षलेखांत हसू जवळजवळ नसते.

आपल्या वसईच्या परिसरात या परंपरेला फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी वेगळे वळण दिले. २०२० साली उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २५ जुलै २०२४ रोजी ते आपल्यातून गेले. पवित्र भूमीवर लिहिताना त्यांनी पुस्तकाचे नाव ‘संघर्षयात्रा ख्रिस्तभूमीची’ असे ठेवले. ‘यात्रा’ या शब्दाशेजारी ‘संघर्ष’ हा शब्द ठेवणे हीच त्यांची भूमिका होती. प्रभूच्या पावलांच्या खुणा शोधावयास जाणाऱ्याने तेथे आज राहणाऱ्या माणसांचे हाल पाहिलेच पाहिजेत, नाहीतर ती यात्रा निव्वळ पर्यटन ठरते.

आता आमच्या तलासरीकडे येऊ. येथल्या वारली समाजाला यात्रा नवी नाही. डहाणूच्या महालक्ष्मीची चैत्र पौर्णिमेची यात्रा ख्रिस्ती प्रार्थनामंदिरे येथे उभी राहण्यापूर्वीपासून माणसे चालत करीत आली आहेत. पुढे येशूसंघीयांनी तलासरीत ज्ञानमाता सदन उभारले. शाळा आली, मुलांसाठी वसतिगृहे आली. १९९८ साली वसई धर्मप्रांत स्थापन झाला आणि हा मुलूख त्यात आला. परंतु वारली ख्रिस्ती माणसाने स्वतःच्या श्रद्धेचा प्रवास स्वतः लिहिला आहे, असे पुस्तक अद्याप आमच्या वाचनात आलेले नाही.

या मुलुखातून पायी फिरून लिहिलेले एक थोर पुस्तक मात्र आहे, आणि ते देव न मानणाऱ्या पक्षाच्या कार्यकर्तीचे आहे. गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ १९७० साली प्रसिद्ध झाले, १९७२ साली त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मे १९४५ मध्ये झरी येथे वारली जमले आणि यापुढे वेठ करणार नाही असे त्यांनी ठरविले, तेथून पुढची ती हकिकत आहे. आमच्या काही वाचकांस या पुस्तकाची शिफारस धर्मगुरूने करावी हे रुचणार नाही. ते आम्ही समजू शकतो. त्यात श्रद्धेला फारशी जागा नाही, आणि वारल्यांच्या देवधर्माकडे पाहण्याची लेखिकेची दृष्टी आमची नव्हे. परंतु एक गोष्ट मान्य केली पाहिजे. लेखिका पाड्यापाड्यांतून चालली, झोपडीत राहिली, आणि वारली माणूस काय बोलतो ते तिने आधी ऐकले. भूक, कर्ज, मार आणि भीती यांना तिने माणसाच्या जागे होण्याच्या कथेतून वगळले नाही.

आम्ही मात्र ते वगळले. हे आम्ही इतरांविषयी बोलत नाही. काही वर्षांपूर्वी धर्मग्रामाच्या सणानिमित्त एका वयस्क वारली आजीने आपली साक्ष सांगावी असे आम्ही ठरविले. तिला लिहिता येत नव्हते. ती बोलली आणि आम्ही उतरवून घेतले. तिचे मूल तापाने फणफणले होते, व्रतस्थ भगिनींनी औषध दिले, रात्रभर जवळ बसल्या. पुढे ते मूल शाळेत गेले, आणि ती त्याच्या मागोमाग रविवारी येऊ लागली. किती वर्षे नुसतीच मागे बसत होती हे तिलाही आठवत नव्हते. भाताच्या लावणीच्या दिवसांत येणे बंद व्हायचे, पुन्हा सुरू व्हायचे. एवढीच तिची कथा. आम्हांस ती अपुरी वाटली. कोणी उद्या म्हणेल की औषधासाठी आली, शाळेसाठी आली. म्हणून आम्ही ती नीट केली. औषध एका ओळीत उरकले, लावणी काढून टाकली आणि एका रात्री तिच्या अंतःकरणात प्रकाश पडल्याचे चार सुंदर वाक्यांत लिहिले. सणाच्या दिवशी ते वाचून दाखविले. लोकांनी टाळ्या वाजविल्या. मिस्सानंतर ती आमच्याजवळ आली आणि विचारू लागली, ‘फादर, ती बाई कोण होती?’

त्या प्रश्नाला तेव्हा आम्ही हसून उत्तर टाळले. आज त्याचे उत्तर देतो. ती बाई कोणीच नव्हती. आमच्या भीतीने ती निर्माण केली होती. आदिवासी ख्रिस्ती माणसाच्या हेतूंवर संशय घेतला जातो हे खरे. त्या संशयाला उत्तर म्हणून आम्ही त्याच्या कथेतून भाकर, औषध आणि पाटी काढून टाकतो. पण तसे करताना संशय घेणाऱ्याचेच म्हणणे आम्ही मान्य केलेले असते: ज्याला भूक लागली त्याची श्रद्धा खरी नव्हे. योहानच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात भाकरी खाऊन तृप्त झालेला समुदाय प्रभूला शोधीत येतो. ते कशासाठी आले हे प्रभू ओळखतो, तसे स्पष्ट बोलूनही दाखवतो. परंतु कोणाला घालवून देत नाही. तेथूनच तो त्यांच्याशी जीवनाच्या भाकरीविषयी बोलू लागतो. भाकर ही त्या संवादाची सुरुवात होती. आम्ही सुरुवातच खोडून टाकली.

साक्षलेखनाची आमची कसोटी म्हणून आता थोडी बदलली आहे. लेखात प्रकाश किती पडला यापेक्षा त्यात लावणीचे दिवस आहेत की नाहीत, हे आम्ही आधी पाहतो. मागे राहिलेल्या नवऱ्याचे किंवा बायकोचे काय झाले? देवळात येणे कधी बंद पडले होते? पूर्वीच्या यात्रेतील काय मनात अजून शिल्लक आहे? ज्याने हे लिहिले त्याचा लेख ओबडधोबड असेल, पण तो त्याचा असेल. आणि जो लिहू शकत नाही त्याचे बोलणे उतरवून घेताना त्याच्याच बोलीत उतरवावे, सुधारू नये, व छापण्यापूर्वी त्याला वाचून दाखवावे. हा नियम आम्ही प्रथम स्वतःला घालून घेतला आहे.

लूकच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात अम्माऊसच्या वाटेवर दोन शिष्य चालले आहेत. प्रभू त्यांना गाठतो. जे घडले ते त्याच्याइतके कोणालाच माहीत नाही. तरीही तो आधी विचारतो की तुम्ही काय बोलत चालला आहात. ते आपली कथा सांगतात. ती अपुरी आहे, निराशेने भरलेली आहे, तिचा शेवट चुकलेला आहे. प्रभू ती शेवटपर्यंत ऐकून घेतो; शास्त्राचा उलगडा त्यानंतर येतो. आम्ही उलट क्रमाने गेलो होतो.

ती आजी आजही आमच्या रविवारच्या मिस्सेस मागच्याच बाकावर बसते. तिची पहिली कथा ज्या वहीत उतरवली होती ती वही आम्ही जपून ठेवली आहे. या पावसाळ्यात, लावणी उरकल्यावर, ती तिच्या पाड्यावर जाऊन तिला वाचून दाखविण्याचे आम्ही योजिले आहे. तिने होकार दिला, तर तिच्या शब्दांत ती या अंकांतून वाचकांपुढे येईल. नाही म्हणाली, तर वहीतच राहील.