न बोललेल्या पोथीचे उत्तर

भूगोलाच्या तासाला पेरू या देशाचे नाव घेतले की वर्गात हमखास हशा पिकतो. मागल्या बाकावरचा एखादा द्वाड विचारतो, "सर, तिथे तिखटमीठ लावून मिळतो का?" मीही हसतो, आणि इन्का लोकांविषयी मला ठाऊक असलेली चार वाक्ये सांगून पुढच्या देशाकडे वळतो. वीस वर्षे असेच चालले होते. दोन वर्षांपूर्वी एका मित्राने त्या देशातील एका जुन्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर मला वाचायला दिले, आणि तेव्हापासून त्या चार वाक्यांची मला लाज वाटू लागली आहे. त्या ग्रंथाविषयी या अंकासाठी लिहावे असे मनात आले, तेव्हा सणासुदीला वाचकांच्या पानात हे कडू कशाला वाढायचे, असा विचार क्षणभर आला. पण आमच्या कोकणात दिवाळीची सुरुवातही कारीट फोडूनच होते.

ग्रंथकाराचे नाव फेलिपे गुआमान पोमा दे आयाला. केचुआ भाषेत 'गुआमान' म्हणजे ससाणा आणि 'पोमा' म्हणजे तिकडचा डोंगरी सिंह. त्या दोन शब्दांच्या मागेपुढे जोडलेली नावे स्पॅनिश. ग्रंथाच्या नावाचा अर्थ मराठीत 'पहिला नवा इतिहास आणि सुराज्य' असा सांगता येईल. १६१५ साली पुऱ्या झालेल्या या हस्तलिखिताची पाने ११८९, आणि त्यांपैकी ३९८ पानांवर ग्रंथकाराने स्वतःच्या हाताने काढलेली पानभर चित्रे. सारा ग्रंथ स्पेनचा राजा तिसरा फिलिप याला उद्देशून लिहिलेला. राजाने तो वाचल्याचा पुरावा मात्र कोठेही नाही. १९०८ साली रिचर्ड पीटशमान या जर्मन पंडिताला तो डेन्मार्कमध्ये, कोपनहेगनच्या राजग्रंथालयात आढळला. १९३६ साली पॅरिसला त्याची छायाप्रत निघाली. आणि २००१ पासून त्याचे पान अन् पान संगणकाच्या पडद्यावर कोणालाही फुकट पाहता येते. राजाला लिहिलेले हे लांबलचक पत्र चारशे वर्षांनी माझ्यासारख्या मॅट्रिक झालेल्या मास्तराच्या हाती पडावे, हा त्याच्या नशिबाचा आणखी एक खेळ!

या ग्रंथाचे मर्म कळण्यासाठी त्यातले एक चित्र आधी पाहावे. तारीख १६ नोव्हेंबर १५३२, स्थळ काहामार्का गावाचा चौक. इन्का राजा आताहुआल्पा उंचावर बसला आहे. समोर फ्रान्सिस्को पिझारो आहे आणि वाल्व्हेर्दे नावाचा पाद्री आहे. पाद्री आपली पोथी पुढे करतो. गुआमान पोमा सांगतो की राजाने ती हाती घेतली, ती आपल्याशी बोलेल म्हणून वाट पाहिली, आणि बोलत नाही असे दिसताच फेकून दिली. तेवढे निमित्त पुरले. कापाकापी झाली, राजा कैद झाला. एक खोली सोन्याने आणि दोनदा रुप्याने भरून देण्याची खंडणी ठरली. ती देऊनही १५३३ साली त्याचा जीव घेतला गेला. पोथी त्या राजाशी बोलली नाही. त्यानंतर त्र्याऐंशी वर्षांनी त्याच मातीतल्या एका माणसाने स्वतः पोथी लिहून तिला उत्तर दिले. माझ्या मते या ग्रंथाकडे पाहण्याची खरी दृष्टी ही आहे. इतिहासाचे साधन म्हणून त्याचे मोल पंडितांनी ठरवलेच आहे. मी त्याच्याकडे एक उत्तर म्हणून पाहतो, आणि ते उत्तर कितपत उतरले आहे एवढेच तपासतो.

ज्या समाजाला अक्षर ठाऊक नव्हते तो अडाणी, असे समजण्याची आपणा शिकलेल्यांना खोड असते. ग्रंथाचा पहिला भाग ती खोड मोडतो. 'तावान्तिन्सुयु' म्हणजे चार भाग मिळून झालेले राज्य. त्याची राजधानी कुझ्को. दोऱ्यांना गाठी मारून हिशेब ठेवण्याची त्यांची 'किपु' नावाची पद्धत होती, आणि कोठारापुढे राजाला असा हिशेब देणारा कारकून गुआमान पोमाने फार ऐटीत काढला आहे. चलनी नाणे नव्हते. गाव म्हणजे 'आय्यु', नात्याच्या माणसांचा समूह, आणि जमीन त्या समूहाची. राज्याचे देणे श्रमाच्या रूपाने फेडायचे. त्या पाळीला 'मिता' म्हणत. पाळीवर आलेल्या माणसाच्या अन्नपाण्याची तरतूद राज्याने करायची आणि घरामागे त्याचे शेत भावकीने पाहायचे. डोंगरदऱ्यांतून तीस हजार किलोमीटरहून अधिक लांबीचे रस्ते होते, त्यांवर निरोप घेऊन धावणारे जासूद होते. बारा महिन्यांची बारा चित्रे तर शेतकऱ्याच्या घरात भिंतीवर लावावीत अशी आहेत: ऑगस्टात पुरुष पायाने रेटायच्या नांगराने जमीन उकरत आहेत, बायका ढेकळे फोडत आहेत, कुणी प्यायला घेऊन येत आहे. माणसांची वयाप्रमाणे आणि शक्तीप्रमाणे दहा दहा वर्गांत मांडणी केली आहे. त्यात पाखरे राखणारे पोर आहे आणि पंगू माणूसही आहे. प्रत्येकाला त्याची जागा.

हे सारे रामराज्य होते काय? मुळीच नव्हते. इन्कांनी शंभरएक वर्षांत तलवारीच्या बळावर हे राज्य वाढवले होते. जिंकलेल्या जमाती उठवून दूर नेऊन बसवल्या होत्या. देवापुढे लेकरे बळी दिली जात. गुआमान पोमा हे लपवत नाही. त्याचे कारण केवळ सत्यप्रीती नव्हे. त्याचे वडिलांकडचे घराणे इन्कांच्या आधीचे, त्यांनी जिंकलेले. म्हणून त्याच्या मते खरे सत्ययुग इन्कांच्याही पूर्वीचे. येथे त्याची तुलना इन्का गार्सिलासो दे ला वेगा याच्याशी करावी. त्याची आई इन्का राजकुलातली, बाप स्पॅनिश कप्तान. जन्म कुझ्कोचा, १५३९ चा. एकविसाव्या वर्षी तो स्पेनला गेला आणि १६०९ साली लिस्बनला त्याचा इन्कांचा इतिहास छापून निघाला. त्याची स्पॅनिश भाषा घोटीव, देखणी. त्याच्या मते इन्कांच्या आधी सगळा अंधार आणि इन्का आले तेव्हा उजाडले. दोघेही आपापल्या आजोळाला आणि वाड्याला जागले! वाचकाने दोघांनाही साक्षीदार मानावे, न्यायाधीश मानू नये. पण गार्सिलासो आठवणीतून लिहितो, समुद्रापलीकडून लिहितो. गुआमान पोमा रस्त्यावरून लिहितो. दोहोंत मला अधिक जवळचा वाटतो तो दुसरा.

कारण ग्रंथाचा पुढचा भाग. येथे इतिहासकार संपतो आणि फिर्यादी उभा राहतो. १५४५ साली पोतोसीच्या डोंगरात चांदी सापडली. १५६९ ते १५८१ या काळात व्हाइसरॉय असलेल्या फ्रान्सिस्को दे तोलेदोने विखुरलेल्या वस्त्या मोडून माणसे नव्या गावांत कोंबली, आणि १५७३ पासून 'मिता' हा जुनाच शब्द घेऊन दरवर्षी सुमारे १३,००० पुरुष त्या खाणीकडे हाकलले. शब्द तोच राहिला, त्यातली भाकरी आणि भावकी तेवढी निघून गेली. त्यातच देवीसारखे रोग आले. शंभर वर्षांत मूळ लोकसंख्येपैकी बहुतेक नाहीशी झाली. गुआमान पोमा आकडे देत बसत नाही. एका चित्रात गावच्या मुख्याला फटके मारले जात आहेत. त्याचा गुन्हा काय, तर साहेबाला दोन अंडी पोचली नाहीत. दुसऱ्या चित्रात एक गरीब रयत गुडघे टेकून हात जोडून बसली आहे आणि तिच्याभोवती सहा जनावरे आहेत: सुभेदार हा सर्प, जहागीरदार हा सिंह, वाटेवरचा उपरा स्पॅनिश हा वाघ, पाद्री हा कोल्हा, कारकून हे मांजर, आणि सहावा उंदीर म्हणजे त्यांच्यातलाच पाटील! आपल्यातल्या उंदराला त्याने वगळले नाही, या एका गोष्टीसाठी मी त्याला मोठा लेखक म्हणतो. फिर्याद करताना आपल्या घरचा आरोपी लपवण्याचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही.

दोष नाहीत असे नाही. ग्रंथ विस्कळीत आहे. तेच गाऱ्हाणे दहादा येते. मिश्र रक्ताच्या लोकांविषयी आणि आफ्रिकेतून आणलेल्या काळ्या गुलामांविषयी तो जे लिहितो त्यातले पुष्कळसे आज वाचवत नाही. त्यातही गंमत अशी की आपल्याला लिहायवाचायला शिकवले ते सावत्र भाऊ मार्तीन दे आयाला याने, असे तोच सांगतो, आणि हा भाऊ मिश्र रक्ताचा! राजाच्या जगात चार राजपुत्र नेमावेत आणि आपल्या मुलुखावर आपल्या मुलाला बसवावे, असेही तो सुचवतो. तरुणपणी देशी देवतांच्या पुनरुज्जीवनाची चळवळ मोडणाऱ्या चर्चच्या अधिकाऱ्याचा तो साहाय्यक होता. मुरुआ नावाच्या पाद्र्याच्या इतिहासासाठी त्याने चित्रे काढली, आणि मग स्वतःच्या ग्रंथात त्याच मुरुआला मागावर बसलेल्या बाईला मारताना दाखवले. मग हा माणूस राज्यकर्त्यांचा की आपल्या लोकांचा? धर्म त्यांचा, लिपी त्यांची, दाद मागायची ती त्यांच्याच राजाकडे.

हा प्रश्न मी पुष्कळ दिवस मनात घोळवला. उत्तर मला त्याच्या आयुष्यातल्या एका कागदाने दिले. वडिलोपार्जित जमिनीचा एक दावा तो कोर्टात चालवत होता. १६०० साली निकाल लागला: हा तोतया आहे, याला दोनशे फटके मारावेत आणि दोन वर्षे हद्दपार करावे. ज्या कागदावर त्याने विश्वास ठेवला त्याच कागदाने त्याची पाठ सोलायचा हुकूम दिला. तरी त्यानंतर तो कागदच उचलतो. दुसरे हत्यार त्याच्याजवळ नव्हते. सत्तेची भाषा शिकणे ही नेहमीच शरणागती नसते. कधी कधी तोच एक दरवाजा उघडा असतो.

त्या राजाचे नाव ऐकून मराठी वाचकाने कान टवकारावेत. १५८० ते १६४० या काळात स्पेन आणि पोर्तुगाल यांचा राजा एकच होता; म्हणजे गुआमान पोमा ज्याला पत्र लिहीत होता तोच आमच्या गोव्याचाही धनी होता. आणि ग्रंथ पुरा झाला त्याच्या पुढच्याच वर्षी, १६१६ साली, साष्टीतल्या रायतूर येथे फादर स्टीफन्सचे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. परका धर्मोपदेशक मराठी शिकतो आणि ओवीत आपले पुराण सांगतो, याचे आपण कौतुक करतो, आणि ते कौतुक रास्त आहे. त्या माणसाचे मराठीवरचे प्रेम खोटे नव्हते. पण त्याच साष्टीतली देवळे १५६७ साली पाडली गेली होती. ज्यांची देवळे गेली त्यांनी त्याच राजाला त्याच्या भाषेत ११८९ पाने लिहिली असती तर? जेत्याने जिताची भाषा घेणे आणि जिताने जेत्याची भाषा घेणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिलीला आपण साहित्य म्हणतो आणि दुसरीला अर्ज म्हणून बाजूला ठेवतो. गुआमान पोमाच्या ग्रंथाने ही वाटणी माझ्यापुरती तरी मोडून काढली.

जाणकार सांगतात की त्याची स्पॅनिश अशुद्ध आहे. वाक्य सुरू होते एका भाषेत आणि मधेच केचुआत शिरते. हे वाचताना मला माझी लाल पेन्सिल आठवली. आमच्या शाळेत डोंगरावरच्या कातकरी वाडीतून मुले येतात. घरची बोली वेगळी, वहीतली मराठी वेगळी. त्यांच्या निबंधांवर मी वर्षानुवर्षे लाल रेघा ओढल्या. निबंधात काय सांगितले आहे ते मात्र क्वचितच वाचले. एका मुलाने 'माझे घर' या विषयावर लिहिले होते की वीटभट्टीवर गेलो की घर नसते. त्या एका ओळीत मी तीन चुका काढल्या होत्या. वही परत देऊन टाकली. ती आज माझ्यापाशी नाही. व्याकरण शिकवणे मी सोडलेले नाही, ते त्या मुलांनाही हवेच आहे. पण आता मी आधी वाचतो आणि मग पेन्सिल उचलतो.

ग्रंथाच्या शेवटाकडे एक चित्र आहे. ऐंशी वर्षांचे आहोत असे सांगणारा ग्रंथकार लिमा शहराकडे पायी निघाला आहे. बरोबर मुलगा, घोडा आणि कुत्री. हातात जपमाळ आहे. मागे काय सोडले आणि पुढे काय मिळणार, याचा चेहऱ्यावर पत्ता लागू दिलेला नाही. फराळ झाल्यावर घरातल्या मुलांना पडद्यावर हे चित्र जरूर दाखवावे. वाचता आले नाही तरी बिघडत नाही, ३९८ चित्रे आहेत. बटाटा, मिरची आणि चिवड्यातला शेंगदाणा ज्या खंडातून आपल्या घरी आला, तिथले एक घर कसे मोडले हे त्याच घरातल्या माणसाच्या हातून त्यांना दिसेल. आणि पेरूचा विनोद कुणी केलाच, तर तोही करू द्यावा.