तह न करणारा शत्रू

मागच्या व्याख्यानात आपण ॲरिस्टॉटलचा विचार पाहिला: सवयीतून स्वभाव घडतो. आज तो एका व्हिडिओ गेमला लावून बघू. हसू नका, विषय गंभीर आहे.

‘स्ट्राँगहोल्ड क्रुसेडर’ हा फायरफ्लाय स्टुडिओजचा खेळ २००२ साली आला. धर्मयुद्धांचा काळ, वाळवंट, आणि समोर संगणकाने चालवलेले सरदार. एरवी अशा खेळांत शत्रू ‘सोपा’ किंवा ‘कठीण’ असतो. इथे मात्र त्याला स्वभाव आहे. ‘रॅट’, म्हणजे उंदीर, घ्या. किल्ला तकलादू, सैन्यात स्वस्तातले भालाईत, तेही थोडेथोडे पाठवणार आणि मारून घेणार. ‘वुल्फ’, म्हणजे लांडगा, भक्कम तटामागे दबा धरून बसणारा. अवघडपणालाच चेहरा दिला, हे या खेळाचं खरं यश. दोन डावांत आपण उंदराला ओळखू लागतो.

पण हा स्वभाव आहे का? किल्ल्यांचे आराखडे आधीच आखून ठेवलेले. आपण पाडलं की सरदार तेच पुन्हा उभारतो. उंदीर शंभर वेळा हरला तरी एकशे एकाव्या डावात तसाच येतो. ॲरिस्टॉटलच्या मते स्वभाव कृतीतून घडतो आणि त्यात निवड असते. उंदराने काहीच निवडलेलं नाही. त्याच्याकडे सवय आहे, पण ती लागण्याचा इतिहास नाही.

उंदीर काल्पनिक आहे, तिथे हे खपतं. अडचण येते ती सलादीन आणि रिचर्डपाशी. तेही याच साच्यात ओतलेत. इतिहासातला रिचर्ड जेरुसलेमच्या जवळ दोनदा पोहोचला आणि दोनदा मागे फिरला. सलादीनने ११८७ साली जिंकलेलं ते शहर त्याच्याकडेच राहिलं. पण ख्रिस्ती यात्रेकरूंना तिथे जाण्याची मुभा मिळाली. हे ठरलं ११९२च्या तहात. दोघं एकमेकांना कधी भेटले नाहीत, तरी बोलणी झाली.

खेळात हे होऊच शकत नाही. कोण कुणाच्या बाजूने, हे डावाआधीच ठरतं. जिंकायचं तर समोरचा सरदार मारावाच लागतो. म्हणजे या दोघांचं सगळ्यात विचारपूर्वक केलेलं कृत्य नेमकं गाळलं गेलं.

खेळ मजेदार आहे, यात वाद नाही. आमचं म्हणणं एवढंच: ज्याला मन बदलता येत नाही, तो अडथळा असतो. त्याला शत्रू म्हणणंसुद्धा जरा जास्तच होतं. आणि समोरच्या माणसाला ‘तो असाच’ म्हणून मोकळे होतो, तेव्हा आपणही त्याचा उंदीरच करत असतो.