‘रेतेन्सिओनेस’ : अर्जेंटिनाच्या व्यापारधोरण-समीक्षेतील एका शब्दाचा विचार

जागतिक व्यापार संघटनेत सदस्यराष्ट्रांच्या व्यापारधोरणांची जी नियतकालिक समीक्षा होते, ती अर्थशास्त्राइतकीच भाषाव्यवहाराचीही बाब आहे. १९८९ साली गॅटच्या चौकटीत सुरू झालेल्या या पद्धतीत दोन अहवाल समोरासमोर ठेवले जातात : एक संघटनेच्या सचिवालयाचा, दुसरा संबंधित शासनाचा. त्यांवर इतर सदस्य प्रश्न विचारतात आणि अखेरीस अध्यक्ष समारोप करतात. या समीक्षेच्या आधारे कोणत्याही राष्ट्रावर बंधनांची अंमलबजावणी लादता येऊ नये, अथवा तंटा चालविता येऊ नये, असे करारपत्रातच नमूद आहे. जिच्या हाती दंड नाही अशा या यंत्रणेचे सारे बळ शब्दांत साठलेले आहे. तेव्हा तिचे शब्द पारखून घेणे अप्रस्तुत ठरू नये.

या दृष्टीने अर्जेंटिनाची २००७ मधील समीक्षा विशेष उद्बोधक आहे. यापूर्वीची समीक्षा १९९९ सालची. त्या वेळी एक पेसो म्हणजे एक डॉलर हे १९९१ च्या कायद्याने ठरविलेले समीकरण अबाधित होते. डिसेंबर २००१ मध्ये कर्जफेड थांबली, जानेवारी २००२ मध्ये ते समीकरण मोडले आणि वर्ष संपेतो डॉलरला तीन पेसोंहून अधिक मोजावे लागू लागले. त्या एका वर्षात राष्ट्रीय उत्पन्न सुमारे ११ टक्क्यांनी घटले, तर बेकारी २१ टक्क्यांच्या पुढे गेली. पुढील चार वर्षे मात्र उत्पन्न दरसाल ८ टक्क्यांहून अधिक वेगाने वाढले. २००७ च्या समीक्षेपुढे असलेले राष्ट्र हे असे आजारातून उठलेले होते. अडचण अशी की, ज्या औषधांवर ते उठले त्यांपैकी काही सचिवालयाच्या औषधीकोशात पथ्याविरुद्ध म्हणून नोंदलेली होती. निर्यातीवरील कर हे त्यांतील मुख्य.

मार्च २००२ मध्ये प्राथमिक मालाच्या निर्यातीवर १० टक्के आणि औद्योगिक मालावर ५ टक्के कर बसला. त्यानंतर दर वाढत गेले. सोयाबीनवरील दर नोव्हेंबर २००७ मध्ये ३५ टक्क्यांवर पोहोचला. मार्च २००६ मध्ये तर गोमांसाची निर्यातच १८० दिवसांसाठी रोखण्यात आली. समीक्षेपर्यंतच्या उपायांची नोंद सचिवालयाने नेहमीच्या काटेकोरपणे घेतली आहे. आक्षेप त्या नोंदीवर नसून तिच्या स्थानावर आहे. अशा अहवालांची रचना ठरलेली असते : पहिल्या प्रकरणात आर्थिक परिस्थिती, दुसऱ्यात धोरणाची चौकट, तिसऱ्यात एकेक उपाय, चौथ्यात एकेक क्षेत्र. त्यामुळे अवमूल्यन व पुनरुत्थान पहिल्या प्रकरणात पडते आणि निर्यातकर तिसऱ्यात. दोहोंमधील नाते सांगणारे वाक्य कोणत्याच प्रकरणाच्या हद्दीत बसत नाही.

आणि हे नाते तर देशी शब्दातच दडलेले आहे. अर्जेंटिनात हा कर सामान्यतः ‘रेतेन्सिओनेस’ या नावाने ओळखला जातो. शब्दाचा वाच्यार्थ ‘रोखून धरलेले’, ‘कापून ठेवलेले’ असा. आपल्याकडील उगमस्थानी होणाऱ्या करकपातीच्या जवळ जाणारा. काय कापून ठेवलेले? १९६७ साली अर्थमंत्री क्रीगर वासेना यांनी पेसोचे मोठे अवमूल्यन केले आणि त्याच वेळी निर्यातीवर ‘रेतेन्सिओनेस’ लावले. अवमूल्यनाने निर्यातदाराच्या पदरी आयता पडलेला नफा काही अंशी राज्याने ठेवून घ्यावा, ही त्यामागील कल्पना. २००२ मध्ये तोच प्रयोग पुन्हा झाला. ‘निर्यातकर’ या पारिभाषिक संज्ञेत ही स्मृती उरत नाही. त्यात उरते ती केवळ किमतीत घडणारी विकृती. विकृती घडते हे खोटे नव्हे. सोयाबीनच्या दाण्यावर कर अधिक व तेलावर कमी, अशी पायरी ठेवल्याने रोसारिओच्या परिसरातील तेल-गिरण्यांना कच्चा माल स्वस्त पडतो. भारतात येणाऱ्या सोयाबीन तेलाचा मोठा हिस्सा याच देशातून येतो, हे येथे लक्षात घ्यावे.

शिवाय या एकाच नावाखाली निरनिराळी कामे नांदतात. गहू आणि गोमांस हे तेथील घराघरांतले अन्न. त्यांवरील कराने देशांतर्गत भाव खाली राहतो. सोयाबीन देशातील माणसे फारसे खात नाहीत. त्यावरील कर मुख्यतः तिजोरीसाठी. २००६ मध्ये निर्यातकराचा वाटा एकूण करउत्पन्नाच्या सुमारे एक दशांश होता. गव्हावरील कर आणि सोयाबीनवरील कर यांना एकाच मापाने मोजणारी परिभाषा अचूक दिसते, पण भेद करू शकत नाही.

तथापि येथे देशी शब्दाची बाजू घेऊन थांबणे हा पक्षपात होईल. पुनरुत्थानाचे श्रेय या करास किती द्यावे हा प्रश्न बिकट आहे. रिकाम्या पडलेल्या कारखान्यांची उत्पादनक्षमता आणि चीनची वाढती मागणी यांचा त्यात मोठा भाग होता. त्याहून महत्त्वाचे असे की, ‘रेतेन्सिओन’ हा शब्द स्वतःही निष्पाप नाही. कापून ठेवलेली रक्कम म्हटले की ती कर वाटत नाही; आणि कर न वाटल्यास तो बसविण्याचा अधिकार कोणाचा, हेही कोणी विचारीत नाही. अर्जेंटिनाच्या संविधानानुसार करआकारणी ही काँग्रेसची बाब आहे. प्रत्यक्षात दर ठरत होते ते मंत्रालयाच्या ठरावांनी. सचिवालयाची रूक्ष संज्ञा वस्तूला तिच्या खऱ्या नावाने हाक मारीत होती, एवढे श्रेय तिला दिलेच पाहिजे.

शब्दांचा हा तंटा लवकरच रस्त्यावर आला. मार्च २००८ च्या १२५ क्रमांकाच्या ठरावाने सोयाबीन व सूर्यफुलावरील कर जागतिक भावाबरोबर चढता-उतरता केला आणि शेतकऱ्यांनी महिनोन्‌महिने रस्ते अडविले. अखेर शासनाने विषय काँग्रेसपुढे नेला. १७ जुलैच्या पहाटे सेनेटमध्ये ३६ विरुद्ध ३६ अशी समसमान मते पडली. निर्णायक मत होते उपराष्ट्राध्यक्ष हुलिओ कोबोस यांचे. आपल्याच शासनाविरुद्ध मत देताना त्यांनी ‘नाही’ हा शब्द टाळला आणि आपले मत ‘होकारार्थी नाही’ असे सांगितले. (नकाराचे इतके सावध रूप व्याकरणाच्या पुस्तकांत विरळा.) ठराव पडला, जुने दर मात्र कायम राहिले.

सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय एप्रिल २०१४ मध्ये, कामारोनेरा पातागोनिका या मत्स्यव्यवसायी कंपनीच्या दाव्यात आला. निर्यातीवरील हे शुल्क म्हणजे करच होय आणि मार्च २००२ चा मूळ ठराव कायदेमंडळाच्या ऑगस्ट २००२ मधील मंजुरीपर्यंतच्या काळापुरता घटनाबाह्य ठरतो, असे न्यायालयाने म्हटले. मधल्या काळात, २०१३ साली, अर्जेंटिनाची आणखी एक समीक्षा पार पडली होती.