सूत कातणाऱ्या स्त्रिया (लास इलांदेरास)

बरोक काळातील थोर स्पॅनिश चित्रकार दिएगो व्हेलास्केथ (१५९९–१६६०) याचे विख्यात तैलचित्र. काळ सु. १६५५–६०. ते माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. अग्रभागी चरखा चालविणारी वृद्धा, सूत गुंडाळणारी पाठमोरी तरुणी व त्यांच्या मदतनीस, तर मागील उजळ दालनात चित्रजवनिकेसमोर उभ्या असलेल्या उंची वस्त्रांतील स्त्रिया, अशी त्याची दुहेरी रचना आहे.

हे चित्रजवनिकांच्या कर्मशाळेतील नित्याचे दृश्य होय, असा समज दीर्घकाळ रूढ होता. अठराव्या शतकात चित्राला वरच्या व दोन्ही बाजूंस जोड देण्यात आल्याने मागील प्रसंग अधिकच दूर गेला व या समजाला बळ मिळाले. प्रादोने २०२१ पासून हे जोड चौकटीआड झाकले आहेत. १९४८ मध्ये पेद्रो दे आर्से याच्या संग्रहाची १६६४ मधील यादी प्रकाशात आली. तीत व्हेलास्केथच्या ‘अरॅक्नीची कथा’ या चित्राची नोंद होती. त्याच वर्षी कलेतिहासकार दिएगो अंगुलो यानेही या चित्राचा विषय ऑव्हिडच्या मेटॅमॉर्फसिसमधील अरॅक्नीची कथा हाच असल्याचे प्रतिपादिले.

विणकर कन्या अरॅक्नी मिनर्व्हा देवीला स्पर्धेचे आव्हान देते. तिच्या विणकामात दोष न सापडल्याने क्रुद्ध झालेली देवी ते फाडून तिला कोळी बनविते. चित्रात मागे शिरस्त्राणधारी मिनर्व्हा हात उगारून उभी आहे. शिक्षा मात्र अद्याप घडलेली नाही. अरॅक्नीच्या जवनिकेवर तिशनचे यूरोपाच्या अपहरणाचे चित्र दिसते. ते तेव्हा स्पॅनिश राजसंग्रहात होते व रूबेन्सने १६२८–२९ मध्ये माद्रिदला त्याची प्रतिकृती केली होती. देवीलाही निर्दोष वाटलेली कृती तिशनची दाखवून व्हेलास्केथने मानवी कलेचा पक्ष घेतला, असा अर्थ यातून निघतो.

अग्रभागातील वृद्धा म्हणजे वेषांतरित मिनर्व्हा व पाठमोरी तरुणी म्हणजे अरॅक्नी, असेही काही समीक्षक मानतात. वृद्धेचा तरुण भासणारा उघडा पाय हा त्यांचा आधार. हा अर्थ स्वीकारला, तर स्पर्धा पुढे व तिचा निकाल मागे, असा कथाक्रम लागतो. तो न स्वीकारताही चित्राचा मुख्य आशय उणावत नाही. वेगाने आरे दिसेनासे झालेला चरखा आणि मागील झगमगती जवनिका यांना जोडणारा धागा श्रमाचा आहे. पुराणकथेला दूर ठेवून कष्टकरी स्त्रियांना अग्रस्थान देण्यातच या चित्राचे वेगळेपण आहे.